पुढच्या बिल्डमध्ये

नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा, म्हणजे पक्की होण्याआधी लोकांनी वापरून चुका कळवाव्यात म्हणून दिलेली आवृत्ती उतरवून घ्यायला गेलं, की सर्वांत आधी एक सूचना येते: ही आवृत्ती रोजच्या वापराच्या संगणकावर टाकू नये. सूचना लिहिणाऱ्याच्या घरी संगणकांसाठी वेगळी खोली असावी. माझ्याकडे रोजच्या वापराचा एक संगणक आहे आणि रोज न वापरण्याचा एकही नाही. एखाद्याकडे असा पडून असलेला दुसरा संगणक असतोही, पण तो का पडून आहे हे विचारलं तर कळतं, की त्यावर मागच्या खेपेची बीटा टाकलेली आहे.

सूचनेखाली एक चौकोन असतो: 'मला सर्व धोके समजले आहेत.' धोके खरोखर समजलेला माणूस त्या चौकोनापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे टिचकी मारणारे सगळे माझ्यासारखेच असतात. त्याच्याही खाली ज्ञात अडचणींची यादी असते. काही संगणकांवर आवाज येणार नाही. काही संगणकांवर झाकण मिटल्यावर स्क्रीन पुन्हा उजळणार नाही. काही प्रिंटर दिसणार नाहीत. हे 'काही संगणक' म्हणजे दुसऱ्यांचे, अशी यादी वाचणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते. मी तर ती यादी शेजाऱ्यांच्या भानगडी ऐकाव्यात तशी चवीने वाचली.

बॅकअप घेतला, पेनड्राइव्ह तयार केला आणि इन्स्टॉलेशन सुरू केलं. टक्के भराभर वाढले आणि मग 'एक मिनिट बाकी' अशी पाटी आली. त्या मिनिटात माझी अंघोळ झाली, दोन फोन झाले आणि घरात 'अजून झालं नाही का?' हा प्रश्न तीन निरनिराळ्या स्वरांत विचारून झाला. मिनिट जागचं हललं नाही. मध्येच संगणक आपणहून बंद होऊन चालू व्हायचा आणि दर वेळी मी 'आता झालंच' असं जाहीर करायचो.

अखेर ती उघडली, आणि खरं सांगतो, डोळ्यांचं पारणं फिटलं. खिडक्यांना गोल कोपरे, मेन्यूला काचेचा भास, आयकॉन लोण्यातून सरकल्यासारखे सरकणारे. आवाज नव्हता. वाय-फाय नव्हतं. पण कोपरे काय गोल होते! आधी कोपरे गोल करायचे आणि आवाजाचं मग बघायचं, असा निर्णय कुठल्या तरी बैठकीत झाला असणार, आणि पहिला तासभर मलाही तो पटला.

वाय-फायचा मामला सरळ होता. इंटरनेट सुरू होण्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, हवा होता आणि ड्रायव्हर आणण्यासाठी इंटरनेट. 'अडचण सोडवा' असं एक बटण होतं. ते दाबल्यावर संगणक बराच वेळ विचार करून म्हणाला, तुम्ही इंटरनेटला जोडलेले नाही आहात. अधिक माहितीसाठी ऑनलाइन पाहा. शेवटी मोबाइल वायरने जोडून त्याच्या इंटरनेटवरून ड्रायव्हर आणला. गोल कोपऱ्यांची ही देखणी राणी पहिला दिवस माझ्या जुन्या फोनच्या डेटावर जगली.

बीटाचं खरं पाणी मात्र देवनागरीत कळतं. आपली ऱ्हस्व वेलांटी ही भल्याभल्या प्रणालींची परीक्षा आहे. ती साठवली जाते अक्षराच्या नंतर आणि दिसावी लागते अक्षराच्या आधी. ही अदलाबदल पडद्यामागे कुणीतरी करावी लागते, तेव्हा कुठे आपण निवांत 'किती' वाचू शकतो. माझ्या बीटात ही अदलाबदल करणारा गडी काही खिडक्यांत कामावर होता आणि काही खिडक्यांत रजेवर. लिहिताना मजकूर झकास दिसायचा, पण तीच फाइल जतन केली की तिच्या नावातली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी बसलेली असायची. 'घरखर्च'मधला रफार डोक्यावरून खाली उतरून पाय मोडून उभा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र तर इतक्या रूपांत दिसला, की शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनी संगणकालाच ओणवं उभं केलं असतं.

आणि इथेच मला ते बटण सापडलं. कोपऱ्यात, छोटंसं: 'अभिप्राय द्या.'

बाहेरच्या लोकांना वाटतं, बीटा घेणाऱ्याला नव्याची हौस असते, किंवा चारचौघांत मिरवायचं असतं. तेही असतं. पण मूळ कारण हे बटण आहे. घरात पंख्याचा वेग माझ्या मताने ठरत नाही. कार्यालयात माझं मत घेतात, पण निर्णय झाल्यावर. आणि इथे अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम मला विचारत होती, हा मेन्यू तुम्हाला कसा वाटला? इतक्या आपुलकीने मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली.

तक्रारीच्या फॉर्मला तीन रकाने होते. काय घडणं अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय घडलं, आणि ते पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या. इतकी नितळ विचारपद्धती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. थोड्याच दिवसांत मी घरातही तसाच विचार करू लागलो. अपेक्षित: हाक मारल्यावर उत्तर. प्रत्यक्षात: शांतता. पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या: हाक मारा.

हाक मारणारा मी एकटा नाही, याला इतिहास साक्षी आहे. लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या नव्या प्रणालीची पहिली वर्दी दिली, तेव्हा ही नुसती हौस आहे असं सांगून लोकांकडे अभिप्रायच मागितले होते. त्या हौसेची पुढे लिनक्स झाली. ॲपलने तर सप्टेंबर २०००मध्ये आपल्या मॅक संगणकांच्या नव्या प्रणालीची, मॅक ओएस टेनची, जाहीर बीटा २९.९५ डॉलरला विकली. म्हणजे चुका शोधायचं काम लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतलं. वर ती बीटा पुढच्या वर्षी मे महिन्यात आपोआप कालबाह्य होणार होती. तिच्यात सफरचंदाचं चिन्ह वरच्या पट्टीच्या मधोमध होतं आणि टिचकी मारली तर काहीही व्हायचं नाही, नुसतीच शोभा. लोकांनी ओरडा केला, आणि मार्च २००१मध्ये पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद मेन्यूसकट डावीकडे परत आलं होतं. हा किस्सा वाचल्यावर मी लागोपाठ बऱ्याच तक्रारी लिहिल्या.

विंडोज ७ची बीटा दुसऱ्या धाटणीची होती. तिची मुदत १ ऑगस्ट २००९ला संपायची होती, पण आधीचा महिनाभर ती दर दोन तासांनी संगणक बंद करायची. भाडेकरूने मुदतीत जागा सोडावी म्हणून नळाचं पाणी तोडण्याचाच हा प्रकार. शिवाय तिच्यात एक चूक होती, जिच्यामुळे काही एमपी-थ्री गाण्यांच्या सुरुवातीचे सेकंद कापले जायचे. त्यावर घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. माझ्या बीटाने माझ्या गाण्यांचा एक सेकंदही कापला नाही, हे मी इथे नमूद करतो. आवाजच नव्हता.

आणि बिल गेट्स. २० एप्रिल १९९८ला भर प्रदर्शनात, मंचावर, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ला स्कॅनर जोडला आणि मागच्या भव्य पडद्यावर संगणक कोलमडल्याची निळी स्क्रीन अवतरली. ही अजून विक्रीला का आली नाही त्याचं कारण हेच असणार, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. हे वाक्य मी पाठ केलं आहे, कारण मलाही रोज कुणापुढे तरी उभं राहावं लागत होतं. माझा मंच म्हणजे जेवणाचं टेबल.

"बाबा, प्रोजेक्टची प्रिंट काढायची आहे."

"येईल."

"कधी?"

"पुढच्या बिल्डमध्ये."

मुलगी आईकडे बघायची. आई माझ्याकडे. मी गोल कोपऱ्यांकडे.

बिल्ड, म्हणजे बीटाची ताजी सुधारित प्रत, यायची अधूनमधून, हा भाग खरा. दर वेळी काहीतरी सुधारलेलं असायचं आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी गेलेलं असायचं. आवाज आला तेव्हा माउसचं चाक गेलं. चाक आलं तेव्हा झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन काळी राहू लागली, म्हणून मी झाकण मिटणंच सोडून दिलं. कपाटात ठेवतानासुद्धा लॅपटॉप आ वासून. आत पंखा घरघरत असायचा. बॅटरी किती उरली ते सांगणारा आकडा कधी एकदम निम्म्यावर यायचा, कधी चार्जर न लावता वाढायचा, आणि वाढला की मी त्याचीही तक्रार द्यायचो. वाईट वाटायचं, पण दिली.

"अरे, जुनीच टाक की परत," बायको म्हणाली.

"आत्ता? माझ्या तक्रारी प्रलंबित आहेत."

हे तिला कळणं शक्य नव्हतं. तक्रारींना इतर परीक्षक मतं देतात. मतं जास्त मिळाली तर तक्रार वर जाते, नाहीतर तळाशी पडून राहते. ही पद्धत दिसायला लोकशाहीची, पण तिची मेख २०१८च्या ऑक्टोबरमध्ये कळली. विंडोज १०च्या त्या वेळच्या अपडेटने काही लोकांच्या फाइली पुसल्या आणि अपडेट मागे घ्यावी लागली. मग उघड झालं, की काही परीक्षकांनी ही तक्रार आधीच दिली होती, पण तिला फारशी मतं पडली नव्हती. नंतर तक्रारीची तीव्रता नोंदवायची सोय केली गेली. म्हणून मीही सगळ्या तक्रारींची तीव्रता 'गंभीर' ठेवायचो. रंग फिका वाटतो, गंभीर. वेलांटी चुकते, अतिगंभीर. वेलांटीच्या तक्रारीला एकच मत होतं, आणि ते मीच देऊन बसलो होतो.

उत्तरं येऊ लागली. आवाजाची तक्रार: 'आमच्याकडे असे घडत नाही.' दवाखान्यात शिरताच खोकला थांबावा, तसं संगणकाचं दुखणं कंपनीच्या दारात पोचलं की नाहीसं होतं. झाकणाची तक्रार: 'हे रचनेनुसारच आहे.' म्हणजे कुणीतरी बसून, नकाशा काढून, झाकण उघडल्यावर अंधार व्हावा असं ठरवलं होतं. वेलांटीची तक्रार दुसऱ्या एका तक्रारीत विलीन झाली. ती उघडून पाहिली तर कुणा सज्जनाने मागच्या आवृत्तीच्या वेळी ती केलेली होती आणि तीही तिसरीत विलीन झालेली होती. तिसरी बंद होती. कारण: 'पुरेशी माहिती नाही.'

पण मग एका बिल्डसोबत आलेल्या सुधारणांच्या यादीत, पार तळाशी, ती ओळ दिसली. कचऱ्याच्या टोपलीचं चित्र किंचित डावीकडे झुकलेलं दिसत असे, ते सरळ केले आहे. अभिप्राय देणाऱ्यांचे आभार.

ती तक्रार माझी होती. रात्री झोप येत नव्हती म्हणून लिहिलेली. तिची तीव्रताही मी 'गंभीर' ठेवली होती. जगभर जितके लोक ही प्रणाली वापरतील, त्या सगळ्यांच्या पडद्यावर टोपली यापुढे सरळ दिसणार होती, आणि का, ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नसणार होतं. मी सगळ्यांना बोलावलं. वाकून, जवळून टोपली दाखवली. आधीचं छायाचित्र मी जपून ठेवलेलं होतं, तेही शेजारी लावलं.

मुलीने दोन्ही चित्रं नीट पाहिली. "दोन्ही सारखीच आहेत, बाबा."

"झूम कर."

तिने झूम केलं. बायकोनेही चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हो रे, झाली खरी सरळ." मग जरा थांबून, "आता ती शेजारची फाइल वाकडी दिसत्येय."

खरंच दिसत होती. मी फॉर्म उघडला.