दातानं खरवडायची भाजी

मेहुणा बेंगळुरूहून येताना म्हैसूरपाक आणेल असं वाटलेलं, त्यानं आणले दोन आर्टिचोक. हिरवे, खवल्याखवल्यांचे, कमळाच्या कळीला राग आल्यावर कसं दिसेल तसे. "दाजी, ही फुलायच्या आधीची कळीच असते, इटलीत लोक आवडीनं खातात." खात असतील बापडे.

आधी प्रत्येक पाकळीच्या टोकाचा काटा कात्रीनं कापायचा. घरात धड कात्री एकच, बायकोची शिवणाची, त्यामुळं पहिलं भांडण तिथंच. मग देठ कापला की लगेच काळा पडतो म्हणून लिंबू चोळायचं, मग पाऊण तास उकळायचं. आई दर पाच मिनिटांनी किचनमध्ये येऊन सिलिंडरचा भाव सांगून जायची.

शिजलं एकदाचं. आता एकेक पाकळी तोडायची, लोण्यात बुडवायची (आमच्याकडं शेंगाचटणीत तेल घालून) आणि बुडाचा गर दातानं खरवडून बाकीची टाकून द्यायची. अर्धा तास चौघंजण खरवडतोय, पोटात काहीच नाही आणि ताटाशेजारी कचऱ्याचा ढीग. मध्ये पोचलो तर तिथं केस! ते खायचे नाहीत म्हणे, घशात अडकतात, चमच्यानं खरडून काढा. त्याच्याखाली जे निघालं ते चांगलं होतं, खोटं कशाला बोलू, पण दोन घासांत संपलं.

"आता पाणी प्या दाजी, गोड लागेल." यातल्या सायनारिन नावाच्या द्रव्यामुळं काही लोकांना तसं लागतं म्हणे. मी म्हटलं बे, सोलापुरात पाणी नळाला आलं तरी गोडच लागतं.

मेहुणा काही थांबेना. १९३५ साली न्यूयॉर्कात माफियानं या भाजीचा सगळा धंदा ताब्यात घेतलेला, शेवटी तिथल्या मेयरनं, ला गार्डिया त्याचं नाव, काही दिवस विक्रीवरच बंदी घातली. बायको म्हणाली, उठवली कशाला. मग याचाच भाऊ कार्डून, त्याची कळी नाही तर दांडे खायचे, आणि ते कडू लागू नयेत म्हणून झाड आठवडेच्या आठवडे गुंडाळून उन्हाआड ठेवायचं, आणि पोर्तुगालमध्ये त्याच्या फुलानं दूध नासवून चीज करतात. आई म्हणाली, "लिंबं संपली काय त्यांच्याकडं?"

इथं तो चुकून म्हणाला की आपली करडई यांच्याच घराण्यातली. संपलं. आईला माहेरचं रान आठवलं. करडई काढायची तर पहाटे दव असताना, काटे तेवढ्यापुरते मऊ पडतात तेव्हा, हाताला फडकी गुंडाळून, आणि ऊन वर आलं की काम बंद. करडईचं भीमा वाण आपल्या सोलापूरच्या संशोधन केंद्रातलंच, हे तिनं अशा आवाजात सांगितलं की जणू केंद्र तिनंच काढलंय. "पण त्या काट्यांतनं तेल निघायचं रे घाणाभर! आणि कोवळी असताना मूगडाळ नि लसूण घालून भाजी, चुलीवर ठेवली की झाली, कात्री नको नि लिंबू नको."

मेहुण्यानं तरी खिशातनं बियांचं पाकीट काढलंच. टेरेसवर लावू म्हणे, फक्त याला हवा जरा थंड लागते.

"मे महिन्यात लाव," आई म्हणाली. "सोलापुरात उकडलेलाच उगवंल, गॅस तरी वाचंल."