मागे काळोख नको

‘पारदर्शक भूत हवं तर मागची जागा शक्य तितकी काळोखी ठेवा,’ हा भुताचे फोटो काढण्यावरच्या लेखातला सल्ला उलटा आहे. अशा फोटोत कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं राहतं आणि माणूस मध्येच फ्रेममधून निघून जातो. मागे काळोख असेल तर माणूस निघून गेल्यावर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर नवीन काहीच उमटत नाही, मग अंगातून आरपार दिसणार काय? नुसता अंधुक माणूस दिसतो. मागे विटांची भिंत किंवा जिना हवा, मंद पण सलग उजेडात.

ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १० सेकंद उघडं. उजेड कमी पडला तर शटरचा वेळ वाढवा. माणूस निम्मा वेळ निश्चल, मग झटकन फ्रेमबाहेर. रेंगाळला की धूसर पट्टा उमटतो. कपडे फिकटच हवेत, काळा सदरा भिंतीत विरून जातो आणि अधांतरी चेहरा तेवढा उरतो. फोटोला गुण देताना मात्र आधी पावलं बघा: फरशीच्या रेघा त्यांतून दिसतात का?