१८ मिलिमीटरचा घाट

परवा पाहुण्यांसमोर पोह्यांच्या डिश घेऊन किचनमधून हॉलमध्ये येताना करंगळी धाडकन फरशीच्या कडेवर आपटली. डिश पडल्या नाहीत म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. करंगळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हे तर "अगं बघून चालावं ना" म्हणाले आणि माझ्या हातातली वरची डिश उचलून खायला लागले.

आमचा फ्लॅट जुना, मूळचा मोझॅक टाइल्सवाला. जसे पैसे आले तशा खोल्या सुधारल्या. हॉलला नणंदेच्या लग्नाच्या वेळी दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाकल्या, त्याही जुन्या फरशीवरच, कारण मिस्त्री म्हणाला, "तोडफोड कशाला ताई, केमिकलने वरच चिकटवतो." तेव्हापासून हॉल वर, बाकी सगळं खाली. बाथरूम खाली असतं ते ठीक, असावंच, नाहीतर पाणी बेडखाली. पण किचन कशाला? वर हॉलची फरशी उचलल्यामुळे मेन डोअर घासायला लागलं म्हणून सुताराने ते खालून कापलं, आता त्या फटीतून झुरळं येतात. त्यांना कधी ठेच लागत नाही.

तर त्या पाहुण्यांत ह्यांच्या मावशीचे यजमान होते, अण्णा. सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते, रिटायर होऊन जमाना झाला. मी एका पायावर उभी, आणि अण्णा ओरडले, "थांब! तिथंच थांब!" मला वाटलं मदतीला येतायत. आले, गुडघ्याच्या पट्ट्यासकट खाली बसले आणि एक डोळा मिटून कडेकडे बघत म्हणाले, "लेव्हल नाही."

मग म्हणाले, नळी आणा. पारदर्शक. भाच्याने फिशटँकची नळी शोधून आणली, मासे बिचारे बघत राहिले. अण्णांनी तीत पाणी भरलं, बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं म्हणून ती टिचक्या मारून मारून झटकली (पाणी सोफ्यावर), एक टोक हॉलच्या भिंतीला स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. किचनच्या भिंतीला लावून धर म्हणे. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीला थांबतं, तिथे पेन्सिलीने खूण करायची, खुणेपासून खाली टेप लावायची.

"सूनबाई, हलू नकोस, पाणी नाचतंय."

"अण्णा, रक्त येतंय."

"येऊ दे. पाणी स्थिर झालं की बघू."

पाणी स्थिर झालं. दिवाळीला रंगवलेल्या दोन्ही भिंतींवर पेन्सिलीच्या रेघा आल्या, टेप लागली, आणि अण्णांनी निकाल दिला, "अठरा मिलिमीटर!" पाहुण्यांनी चक्क "वा" म्हटलं. पुढे हिशोब: टाइल ९, खालचं केमिकल ५, झाले १४. उरलेले ४? "ती मिस्त्रीची कला."

उपायही त्यांनीच सांगितला. एकास बारा उतार, व्हीलचेअरच्या रॅम्पला असतो तसा, म्हणजे १८ मिलिमीटरला साधारण २२ सेंटिमीटर रुंद तिरकी पट्टी. सासूबाईंनी लगेच विचारलं, "व्हीलचेअर कोणासाठी?" आणि तासभर रुसून बसल्या. खरं तर मला काळजी त्यांचीच आहे, रात्री अंधारात बाथरूमला उठतात, भिंत धरत धरत. पण हे बोलायला जावं तर प्रत्येकाकडून एकच ऐकायला मिळतं, सवय होते. कसली सवय? फरशी बसवणारा मोकळा, पैसे देणारा मोकळा, आणि पाय उचलून चालायचं ते दिवसभर ताटं, बादल्या, कपड्यांच्या टोपल्या घेऊन ये-जा करणाऱ्या बाईने. सोफ्यावर बसून कोणाला ठेच लागलीये?

ह्यांनी दुसऱ्या दिवशी तोडगा म्हणून काळी-पिवळी पट्ट्यांची टेप आणून कडेला चिकटवली. आता घर कारखान्यासारखं दिसतं. पोछा मारताना ती निम्मी निघालीये आणि पायाला चिकटते ते वेगळंच.

शेवटी मीच त्या तिरक्या पट्टीसाठी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "तीन फुटाच्या कामाला कोण येणार ताई? किचनची फरशी पण वर घेऊन टाकू ना."

मी विचारलं, मग बेडरूम?

"ते नंतर बघू."