मालकाचं उत्तर: ती काळपट बाटली रॉडिनालची आहे

नमस्कार सर,

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा, आमच्याकडे धुवायला दिलेला फिल्मचा रोल फिका आला याचं आम्हालाही वाईट वाटलं. तुमचा फोन उचलला गेला नाही, त्याबद्दल क्षमस्व. डार्करूममध्ये असलो की फोन बाहेर काउंटरवर असतो.

पण "एक्स्पायर झालेलं, घरी बनवलेलं केमिकल वापरून रोल वाया घालवला" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात आणि सोबत आमच्या रॅकवरच्या काळपट बाटलीचा फोटो लावलात. तो बघून आता लोक दुकानात येऊन बाटल्यांचा वास घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ती बाटली रॉडिनालची. १८९१ साली पेटंट झालेलं डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन आहे ते. वर्षं जातात तसं काळं पडतं, आणि काळं पडूनही नीट काम करतं. त्यासाठीच ते प्रसिद्ध आहे. उलट एक्सटॉल नावाचं दुसरं डेव्हलपर पाण्यासारखं स्वच्छ दिसत असताना मेलेलं, म्हणजे निकामी असू शकतं. रंगावरून डेव्हलपर ओळखता आलं असतं तर आमचं काम फार सोपं झालं असतं. आणि मुळात तुमचा रोल त्या बाटलीतल्या रॉडिनालमध्ये धुतलेलाच नाही.

तो धुतला डी-७६ या डेव्हलपरमध्ये. ते आम्ही स्वतः बनवतो, हे खरं आहे आणि कधी लपवलेलं नाही. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोडॅकचा १९२७ सालचा फॉर्म्युला आहे, जुन्या फोटोग्राफीच्या पुस्तकांतून छापलेला. त्याच्या तयार पावडरचं परदेशी पाकीट कधी मिळतं, कधी महिनोन्‌महिने मिळत नाही. तेवढा काळ दुकान बंद ठेवायचं का? (कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीचं डेव्हलपर आम्ही हौशी मुलांना करून दाखवतो. गिऱ्हाइकाच्या रोलला ते कधीच लावत नाही.) रोल टाकीत घालण्याआधी फिल्मच्या तोंडाचा तुकडा उजेडात डेव्हलपरमध्ये बुडवून बघतो. तो काळाकुट्ट झाला तरच पुढे.

आता कृपया तुमची निगेटिव्ह खिडकीशी धरा. कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे आहेत ना? ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात आणि तुमच्या फोटोंबरोबर त्याच डेव्हलपरमध्ये उमटतात. डेव्हलपर मेलेलं असतं तर तेही पुसट आले असते. ते ठसठशीत आहेत, फिके फक्त फोटो आहेत. म्हणजे फिल्मवर उजेडच कमी पडला.

कारण तुमच्याच रिव्ह्यूत आहे: "१६०० वर शूट केलं होतं." सर, फिल्म ४०० आयएसओची होती (आयएसओ म्हणजे फिल्मला किती उजेड लागतो त्याचा आकडा; आकडा मोठा तसा उजेड कमी). कॅमेरा १६०० वर ठेवल्याने तिला हवा त्याच्या चौथा हिस्साच उजेड मिळाला. असा रोल डेव्हलपरमध्ये नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवावा लागतो, आणि ते आधी सांगावं लागतं. रोलच्या पाकिटावर तुम्ही काही लिहिलं नव्हतं. माझ्या भाच्याने काउंटरवर विचारलं तेव्हा "नॉर्मलच करा" म्हणालात. आम्ही नॉर्मलच केलं.

पैशांचं म्हणाल तर ते पूर्ण घेतले, कारण काम पूर्ण झालं होतं. त्यावर अजून काय लिहू?

यापुढे पाकिटावर आयएसओची वेगळी चौकट छापून घेतोय, बाटल्यांवर तारखेच्या चिठ्ठ्याही लागतील, आणि फोनचंही काहीतरी करतो.

तुमच्या निगेटिव्हमधून कडक ग्रेडच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणाऱ्या कागदावर आजोबांचा एक तरी चांगला प्रिंट निघेल असं मला वाटतं. घेऊन या, त्याचे पैसे घेणार नाही. आणि बाटलीचा तो फोटो तेवढा काढून टाकलात तर बरं होईल. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी अकरानंतर केव्हाही या.