‘१३७ पट’ माचा आणि भाचीची लोहाची गोळी

गेले दोन महिने माचाबद्दलचा, म्हणजे जपानी ग्रीन टीच्या बारीक पुडीबद्दलचा, एक मेसेज आधी आमच्या ठाण्यात नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग भजनी मंडळाच्या आणि मग माहेरच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘रोज रिकाम्या पोटी माचा प्या. साध्या ग्रीन टीच्या १३७ पट अँटिऑक्सिडंट. चरबी चौपट वेगाने जळते. जपानी लोक माचामुळेच शंभर वर्षं जगतात, त्यांना कॅन्सर होत नाही. रक्त शुद्ध होतं. दुष्परिणाम शून्य.’

मी लिहायला बसले ती भाचीसाठी. ती घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. हिमोग्लोबिन ९.२, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. मेसेज वाचून तिने रोज सकाळी माचा सुरू केला आणि गोळीही त्याच कपासोबत घ्यायला लागली.

आधी सांगते, माचा वाईट नाही. आपल्या आसामच्या चहाचं जे झाड, त्याच जातीचं हे पान. तोडणीआधी साधारण तीन आठवडे मळ्यावर सावली धरतात, पानं वाफवून वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेलं दगडी जात्यावर दळतात. जपानात क्योतोजवळचं उजी हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. इथे गाळणीचं कामच नाही, अख्खं पान पोटात जातं. म्हणून साध्या ग्रीन टीपेक्षा त्यातून जास्त काही मिळतं, हे खरंच आहे. प्रश्न किती जास्त, हा आहे.

१३७ हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००३ साली चहातल्या ईजीसीजी या एका अँटिऑक्सिडंट घटकासाठी माचाची तुलना केली, तीही बाजारातल्या एका ठरावीक ग्रीन टीशी. त्या एका चहापुढे माचा १३७ पट निघाला. पण त्याच निबंधाच्या सारांशात लगेच पुढे लिहिलंय की, इतर ग्रीन टींच्या तोवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी ताडलं तर माचात ईजीसीजी किमान तिप्पट आहे. तिप्पटही काही कमी नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने वाक्याचा पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. शिवाय ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे फक्त ईजीसीजी नव्हे. आणि सावलीत वाढलेल्या पानात कॅटेचिन, म्हणजे ईजीसीजीचं घराणं, उन्हातल्या पानापेक्षा कमीच तयार होतं. माचा कमी तुरट लागतो तो त्यामुळेच.

चौपट चरबीची गोष्ट मला जास्त लागली, कारण ती साध्या टक्केवारीची चूक आहे. १९९९ साली जिनिव्हात दहा पुरुषांना ग्रीन टीचा अर्क देऊन त्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाखर्च मोजला. माचा नाही, अर्क. खर्च ४ टक्क्यांनी वाढला. शरीराच्या एकूण खर्चात उष्णता निर्माण करण्याचा वाटा साधारण ८ ते १० टक्के असतो, तेव्हा एकूण खर्चातली ४ टक्के वाढ म्हणजे त्या छोट्या वाट्यात ३५ ते ४३ टक्के वाढ, असा हिशोब संशोधकांनी मांडला. पुढे कुणीतरी ‘८-१० टक्क्यांवरून ३५-४३ टक्क्यांवर’ असं वाचलं आणि चौपट झालं! प्रत्यक्षात ती वाढ ऐंशीएक कॅलरींची, म्हणजे एका पोळीएवढी. राम मारुती रोडवरच्या कॅफेतल्या ‘माचा लाटे’ या गोड, दुधाच्या पेयात त्याहून कितीतरी जास्त कॅलरी असतात.

जपानी आयुष्याबद्दल. तिथे रोजचा घरगुती चहा म्हणजे माचा नव्हे, तर सेंचा हा ग्रीन टी, पानं पाण्यात उतरवून प्यायचा. ओसाकी भागातल्या ४०,५३० प्रौढांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, बायकांमध्ये तर जास्तच ठळकपणे. कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये मात्र फरक दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चहामुळेच ते घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही. जपानी माणसांना कॅन्सर होतो, आणि कॅन्सर हे तिथल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. घरात कॅन्सरचा रुग्ण असलेल्या माणसाला हा मेसेज पाठवताना कृपा करून थांबा.

रक्तशुद्धीचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता ‘दुष्परिणाम शून्य’. चहातली पॉलिफेनॉल्स (कॅटेचिनही त्यांतलंच) आतड्यात लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात कमी जातं. पालेभाजी, नाचणी, कडधान्यं, अळीव यांतल्या लोहाला हे विशेष लागू, आणि आपल्या ताटात बहुतेक लोह तिथूनच येतं. गोळीचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा मेसेज फिरतोय त्या ग्रुपांवरच्या निम्म्या जणींना हा मुद्दा थेट लागू असू शकतो. जेवणावर लगेच घेतलेल्या आपल्या दुधाच्या चहाचंही असंच आहे, माचाला वेगळं पाडत नाही. पण त्या चहाला कुणी औषध म्हणून पाठवत नाही.

एका लहान चमच्यात, साधारण दोन ग्रॅम माचात, ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. गरोदरपणी दिवसाची मर्यादा साधारण २०० मिलिग्रॅम सांगतात, आणि दोन कप माचा, वर दुपारचा चहा, एवढ्यात ती गाठली जाऊ शकते. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माचा सुरू करू नये, कारण पानात व्हिटॅमिन के असतं आणि ते या औषधाच्या उलट काम करतं. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल तर वेगळंच प्रकरण: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसतात.

भाचीने माचा सोडलेला नाही, मीही सोड म्हटलं नाही. डॉक्टरांना विचारून ती आता गोळी सकाळी लिंबूपाण्यासोबत घेते आणि माचा दुपारी चारला, जेवणापासून दूर. पुढची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी आहे.