डॉक्टर बदलायचा आहे

आमच्या बेळगावात गल्लीतला डॉक्टर सोडणं हे गल्ली सोडण्यापेक्षा अवघड. आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर समोरच राहतो, डॉक्टरांच्या आई आमच्या हिच्या भिशीत. दुखतो गुडघा, आणि सांभाळायची भिशी.

तक्रार तशी साधी. गुडघा दाखवायला जावं तर डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत विचारणार, "जेवण जातंय न्हवं?" जातंय म्हटलं की पित्ताची गोळी. गुडघ्यावर अजून त्यांची नजर पडलेली नाही. पायजमा वर करेपर्यंत पुढचा पेशंट आत येतो.

दुसरीकडे दाखवतो म्हटल्यावर ही म्हणाली, "कशाला ओ? गल्लीत तोंड दाखवायला नको काय?" पण बातमी तोवर शहापुरात पोचली होती. मावशी म्हणाली गोव्याला बांबोळीला जा, साडू म्हणाला कोल्हापूर, आणि निपाणीच्या काकांचं एकच पालुपद, मिरज. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 साली तिथं दवाखाना काढला तेव्हापासून आमच्या भागात 'मिरजेला नेलं' म्हटलं की लोक चपला घालूनच पुढचं ऐकतात.

मेहुणा वकील. त्याला वाटलं, केस आली. मग हिरमुसून म्हणाला, "डॉक्टर आवडत नाही हा गुन्हा नव्हे, भावजी. हयगयीनं इजा झाली असली तर ग्राहक आयोगात जाता येतंय, 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. पण दोन वर्षांच्या आत जायला पायजे. बिलाचं भांडण असलं तर आपल्याकडं कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी 2007 चा कायदा आहे. दरपत्रक लावायलाच लागतंय, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीवर खुद्द जिल्हाधिकारी. फक्त तारखा पडतील बगा." तारखांचं भय आम्हाला? आमच्या गावाचाच सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे!

शेवटी एकच कामाचं सांगितलं त्यानं. फाइल मागा. लेखी मागितली की 72 तासांत कागद द्यायला लागतात, वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे.

कंपाउंडरला हे पटेना. "फाइल कशाला ओ? हितंच असूंदे की. घरात हरवतंय." मी अर्ज पुढे केला. त्यानं तो उलटासुलटा वाचला, आत गेला, बाहेर आला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जाऊलालाय म्हणा की मिरजेला!" त्या आठवड्यातल्या भिशीत हिला चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

कागद मात्र मिळाले. सगळ्या पानांवर पित्त.

मिरजेच्या डॉक्टरांनी पानं चाळली, लेटरहेडवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, हा तर आमच्या बॅचचा! फार हुशार माणूस. याला सोडून एवढ्या लांब कशाला आलात?"

मी काही न बोलता पायजमा वर केला.