फ्लेक्सवर पुढारी, कोपऱ्यात खेळाडू

पोरीनं पदक आणलं की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स! दादा, भाऊ, साहेब, त्यांचे चिरंजीव, सगळे हात जोडून. आणि जी जीव तोडून पळाली तिचा फोटो खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. संताप होतो नुसता.

धावपटू कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला. त्याच्या हातात नौकानयनाचं वल्हं आलं तेच मुळी सैन्यात गेल्यावर! २०१६ ला रिओ ऑलिंपिक, २०१८ ला आशियाई सुवर्ण. नाशिकचं नाव काढलं ते या पोरांनी.

आणि शहरात मैदान मागा. आज सभा, उद्या सेल. मंडप उठतो, खुंट्यांचे खड्डे अन् खिळे तसेच. सकाळी पोरं त्यातूनच पळतात. बापाच्या खिशात पैसा असेल तो तासावर टर्फ घेतो. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातली पोरगी मात्र भाड्याच्या खोलीत वरणभात खाऊन सरावाला येते, फाटक्या बुटांत. दूध-अंडी कुठून आणायची तिनं? फ्लेक्सला पैसे निघतात, मग तिच्या पळायच्या स्पाइक्स बुटांना का निघत नाहीत?